निबंध कोणाचा?

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत लेखनाविषयी काही लिहायचे, तर आरंभ गणपतीपासून करावा, आणि तो केवळ प्रथा म्हणून नव्हे. गणपती हा जसा विद्येचा दाता, तसाच तो लेखनिकही. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने ते लिहून घ्यायचे असे ठरले, तेव्हा गणपतीने अट घातली की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनीही उलट अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय काही लिहायचे नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात हा प्रसंग मूळ संहितेत धरलेला नाही, तो परिशिष्टात आहे. पण लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, कारण त्यात एक मोठी गोष्ट सांगितली आहे. दुसऱ्याचे शब्द लिहून घेणे हे हलके काम नाही. मात्र न समजता लिहिले, तर ते लेखन नव्हे, नुसती हाताची हालचाल झाली. ही सवलत साक्षात बुद्धिदात्यालाही मिळाली नाही.

हे आठवण्याचे कारण असे. आपल्या मंदिराच्या मराठी वर्गांतील मुलांसाठी, आणि ज्यांना वर्गाला येणे जमत नाही पण जी घरी मराठी ऐकतात अशा आसपासच्या शाळांतील मुलांसाठी, एक लेखनस्पर्धा घ्यावी असा विचार आपल्या मंडळींत चालला आहे. विचार उत्तम आहे. सभागृह आहे, स्वयंसेवक आहेत, पारितोषिकांसाठी हात पुढे करणारे दातेही आहेत. नियमांचे एक पान लिहिले की झाले, असे वाटते. त्या पानावर कुठेतरी मधेच एक नियम असतो: लेखन स्पर्धकाचे स्वतःचे असावे. बाकीचे नियम कागद, तारीख आणि शब्दसंख्या यांचे असतात. हा एकच नियम नीतीचा आहे. आणि परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत तो पाळणे सर्वांत अवघड आहे.

मुलांच्या लेखनस्पर्धा काही नव्या नाहीत. रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीच्या निबंधस्पर्धेची परंपरा १८८३ सालापासूनची आहे. कॅनडात शिकणाऱ्या आपल्या मुलांना अधिक परिचयाची स्पर्धा म्हणजे रॉयल कॅनेडियन लीजनची. माजी सैनिकांची ही संस्था दरवर्षी शाळकरी मुलांकडून स्मरणदिनाच्या विषयावर निबंध, कविता आणि चित्रे मागवते. निबंधासाठी चौथी ते सहावी, सातवी ते नववी आणि दहावी ते बारावी असे गट असतात. त्यांच्या शब्दमर्यादा अनुक्रमे ३५०, ५०० आणि ८००. स्थानिक शाखेने निवडलेला निबंध पायरी-पायरीने वर चढत प्रांताच्या आणि शेवटी देशाच्या पातळीवर जातो. ज्यांना स्पर्धा भरवायची आहे, त्यांनी या रचनेकडून पुष्कळ घ्यावे: गट नेमके, मर्यादा स्पष्ट, विषय एकच.

पण आपली स्पर्धा आणि ही स्पर्धा यांत एक मूलभूत फरक आहे. लीजनच्या स्पर्धेत मूल शाळेच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये लिहिते. त्या भाषेत आपल्यापैकी अनेकांच्या घरी मूलच वरचढ असते. आईचा उच्चार मूल सुधारते, बाबांच्या ईमेलमधले चुकलेले शब्दयोगी अव्यय मूल दाखवून देते. मराठी लेखनाच्या वेळी मात्र हे पारडे एकदम फिरते. भाषा मोठ्यांची, चुका मुलांच्या. मुलाने दोन वाक्ये लिहिली की आई वाकून बघते आणि म्हणते, "अरे, 'माझा आजी' नाही, 'माझी आजी'." इथपर्यंत ठीक आहे. मग ती म्हणते, "असं नको लिहूस, असं लिही." मग आजोबा व्हिडिओ कॉलवर येतात आणि एक सुंदर सुरुवात सांगतात. रात्री अकरा वाजता आई ते सगळे स्वच्छ उतरवून काढायला लावते. दुसऱ्या दिवशी जी प्रवेशिका येते तिच्यात एकही चूक नसते आणि मूलही नसते.

यात कोणाचाही हेतू वाईट नाही. उलट हे सारे प्रेमापोटी घडते, म्हणून तर ते ओळखणे कठीण. परीक्षेत शेजारच्याची वही बघणे आपण सारे वाईट मानतो. पण आईने मुलासाठी निबंध लिहिला, तर त्याला आपण मदत म्हणतो. या मदतीतून मूल काय शिकते, याचा विचार करावा. ते मराठी शिकत नाही, कारण वाक्ये त्याच्या तोंडची नाहीत. ते एवढेच शिकते की मला जे म्हणायचे होते ते पुरेसे चांगले नव्हते, आणि चांगले काहीतरी माझ्या नावावर खपवणे घरात सर्वांना चालते. पहिल्या गोष्टीने त्याचा आत्मविश्वास जातो, दुसरीने सत्याची चाड. एका प्रशस्तिपत्रकासाठी ही किंमत फार मोठी आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, मिसिसागातल्या नऊ वर्षांच्या मुलीने लिहिले: "माझी आजी फोनमध्ये राहते. आम्ही जेवते तेव्हा ती झोपते." कोणीही मोठे माणूस हे वाचून लाल पेन उचलेल आणि दुरुस्त करील: "माझी आजी पुण्यात राहते. आम्ही तिच्याशी दूरध्वनीवर बोलतो." वाक्ये निर्दोष झाली. पण गेले काय, ते पाहा. 'आम्ही जेवते' ही चूक आहे. ती दाखवावी, समजावून सांगावी. 'आजी फोनमध्ये राहते' ही चूक नाही. साडेनऊ-साडेदहा तासांच्या अंतरावर असलेली आजी, जी दोन-तीन वर्षांतून एकदाच हाताला लागते, तिचा खरा पत्ता त्या मुलीने लिहिला आहे. आपण मोठ्यांनी ही गोष्ट इतक्या थोड्या शब्दांत कधी सांगितली नाही. दुरुस्तीत नेमके तेच पुसले गेले, आणि मुलीला वाटले की दोन्ही चुकाच होत्या.

म्हणून प्रश्न 'दुरुस्ती करावी की नाही' हा नाही. दुरुस्ती कशाची आणि कशासाठी, हा प्रश्न आहे. याचे उत्तर आपल्याच परंपरेत इतके स्पष्ट मिळते, की ते बाहेर शोधायला नको.

ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा संस्कृत जाणणाऱ्यांसमोर देशी भाषेत गीतेचा अर्थ सांगण्याचे धाडस ते करत होते. पहिल्याच अध्यायात श्रोत्यांची विनवणी करताना त्यांनी दाखला दिला तो लेकराचा: मूल बोबडे बोलले तरी आईबापांना अधिकच संतोष होतो, हा त्यांचा स्वभावच असतो. इतक्या समर्थ वाणीच्या कवीने आपले स्थान बोबड्या लेकराच्या जागी कल्पावे, यात नम्रता आहेच. पण ऐकणाऱ्याचा धर्मही त्यात सांगितलेला आहे. बोलणाऱ्याच्या बोबडेपणाला ऐकणाऱ्याचे कौतुक उत्तर देते. ते कौतुक खोटी स्तुती नव्हे. आई बोबड्या बोलातला अर्थ लावते, त्यासाठी कान देते. मराठी भाषा अशा कान देण्यातूनच ग्रंथाची भाषा झाली.

पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आपल्या भाषेतले हे नावाजलेले पाठशुद्धीचे काम. नाथ स्वतः थोर कवी होते. मनात आणते तर एखादी ओवी अधिक गोड करणे त्यांना अशक्य नव्हते. पण त्यांनी शुद्धीचा अर्थ वेगळा घेतला. नकला करताना लोकांच्या हातून जे मागाहून शिरले होते, ते दूर करायचे आणि मूळ कवीचे बोल त्याला परत द्यायचे. ज्ञानेश्वरीत कोणी आपली ओवी घालील, तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशी ताकीदही त्यांच्या नावावर चालत आलेली आहे.

दुरुस्तीचे दोन प्रकार यावरून वेगळे करता येतात. एक दुरुस्ती लेखकाचे लेखकाला परत करते. दुसरी दुरुस्ती लेखकाला बाजूला सारून आपले त्याच्या जागी ठेवते. 'जेवते'चे 'जेवतो' करणे हे पहिल्या प्रकारात येते, कारण मुलीला जे म्हणायचे होते तेच आता नीट ऐकू येते. 'फोनमध्ये राहते' खोडणे हे दुसऱ्या प्रकारात येते. नऊ वर्षांच्या मुलीचे लेखन म्हणजे ज्ञानेश्वरी नव्हे, हे खरे. पण नाथांनी जो नियम इतक्या मोठ्या ग्रंथाला लावला, तो लहानाला लावायला हरकत काय? लहानाला तर तो अधिकच लावला पाहिजे, कारण ज्ञानेश्वरांची बाजू घेणारे पुष्कळ आहेत, नऊ वर्षांच्या मुलीची बाजू घेणारे कोणी नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे, की दुसऱ्याचा धर्म उत्तम रीतीने आचरण्यापेक्षा आपला स्वतःचा धर्म, त्यात उणीव असली तरी, श्रेयस्कर. विद्वान या वचनाचा अर्थ कसकसा लावतात तो वेगळा विषय. पण मुलाच्या वहीपुरता त्याचा अर्थ सरळ आहे. स्वतःचा सदोष निबंध दुसऱ्याच्या निर्दोष निबंधापेक्षा चांगला. आपण प्रवचनात हे वचन ऐकून मान डोलावतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री ते आठवावे एवढेच.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही आणि तिला उत्तर द्यायला हवे. पहिला आक्षेप असा: मुलांच्या चुकांना असेच चालवून घेतले, तर दोन पिढ्यांत मराठीची पुरती वासलात लागेल. आम्ही शुद्ध भाषा जपायला हे वर्ग चालवतो, की अशुद्ध भाषेला बक्षिसे द्यायला? दुसरा आक्षेप: तीन वर्षांपूर्वी नाशिकहून आलेला, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला मुलगा खरोखरच सुंदर मराठी लिहितो. मोडक्या भाषेचे कौतुक केले, तर त्याच्यावर अन्याय नाही का?

दुसरा आक्षेप गटांच्या रचनेने सुटतो. केवळ वयावर गट पाडू नयेत. मूल मराठीच्या सहवासात किती आहे, यावरही पाडावेत: महाराष्ट्रात काही इयत्ता शिकलेली मुले, इथेच जन्मलेली पण घरी मराठी बोलणारी मुले, आणि आत्ता कुठे अक्षरे गिरवणारी मुले. नाशिकच्या मुलाने त्याच्या बरोबरीच्यांशी स्पर्धा करावी, आणि तिथे भाषेची शुद्धताही गुणांत मोजावी. पहिला आक्षेप अधिक खोल आहे. त्याला माझे उत्तर असे, की भाषा चुकांनी मरत नाही; तिच्यात सांगण्यासारखे काही उरले नाही की मरते. ज्या मुलाला मराठीत काही सांगावेसे वाटते, ते 'माझा'चे 'माझी' आज ना उद्या शिकते, कारण त्याला ते लागते. ज्याला सांगण्याजोगे सारे इंग्रजीत आहे आणि मराठीत फक्त आजोबांनी सांगितलेली सुरुवात आहे, त्याचे शुद्धलेखन बारावीनंतर आपोआप संपते.

भाषा मुलांपासून कशी तुटते याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपण ज्या देशात राहतो त्या देशातच आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ कॅनडातील आदिवासी मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवले गेले. अशा मुलांची संख्या दीड लाखाहून अधिक होती. तिथे मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. आपली परिस्थिती याच्या अगदी उलट. १९७१ साली या देशाने बहुसांस्कृतिकतेचे धोरण स्वीकारले, १९७७ साली ओंटारियोने वारसा भाषांच्या वर्गांसाठी सरकारी साहाय्य सुरू केले. आपल्या मुलांची भाषा कोणी हिरावून घेत नाही. ती टिकली नाही, तर त्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

त्याच आदिवासी समाजांतील तरुणांसाठी २००५ साली एक लेखनस्पर्धा सुरू झाली. आपल्या लोकांच्या इतिहासातला एखादा क्षण घेऊन त्यावर कथा, कविता, काहीही लिहावे, असे तिचे स्वरूप होते. तिच्यातली एक गोष्ट आपण अवश्य घ्यावी: लेखनासोबत लेखकाचे निवेदनही मागितले जाई. हा विषय मी का निवडला, तो माझा कसा आहे, हे त्याने आपल्या शब्दांत सांगायचे. आपल्या स्पर्धेत हे निवेदन मुलाने परीक्षकांसमोर बसून तोंडी सांगावे, हव्या त्या भाषेत. पाच मिनिटांच्या गप्पांत निबंध कोणाचा हे कळते. कोणाला पकडण्यासाठी हे करायचे नाही. मुलाला आपल्या लेखनाविषयी बोलायला मिळावे, यासाठी करायचे.

विषयांचाही इथेच विचार करावा. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'माझे आजोळ', 'मामाच्या गावची सुट्टी' हे विषय आपल्या बालपणाचे आहेत. ब्रॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या मुलाने पावसाळा पाहिलेला नाही. त्याला हा विषय दिला की त्याने उसने आणावे, अशी व्यवस्था आपणच केली. त्याला विचारावे, पहिल्या हिमवर्षावाच्या सकाळी तुझ्या घरात काय होते? डबा उघडल्यावर शेजारच्या मुलाने काय विचारले? विमानतळावर आजीला सोडून येताना गाडीत कोण काय बोलले? ज्यांनी खरोखर आजोळ पाहिले आहे, त्यांनी आजोळावर लिहावे. न पाहिलेल्या गोष्टीची कल्पना करायलाही मोकळीक असावी, पण ती कल्पना मुलाची असावी, आपल्या आठवणींची नक्कल नसावी.

मात्र खरे लिहा असे एकदा म्हटले, की खरे वाचायची तयारी ठेवावी लागते. कोणी लिहील की बाबांची नोकरी गेली आणि घरात कोणी मोठ्याने हसत नाही. कोणी लिहील की आईबाबा रात्री भांडतात. आपल्या छोट्या समाजात, जिथे सारे एकमेकांना ओळखतात, पालकांना हे झोंबणारच. पण घराची झाकली मूठ राखण्यासाठी मुलाच्या निबंधातले वाक्य खोडणे, हा त्यावर उपाय नाही. वाचणे आणि छापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संयोजकांनी आधीच जाहीर करावे. परीक्षक सारे वाचतील आणि गुप्त ठेवतील; मूल आणि त्याचे घर या दोघांच्या संमतीशिवाय काही छापले जाणार नाही; आणि छापायला नकार दिला म्हणून एकही गुण कमी होणार नाही. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका यावी असे काही लेखनात आढळले, तर गोष्ट वेगळी. तेव्हा बालकल्याण संस्थेला कळवणे हे ओंटारियोच्या कायद्याने प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि परीक्षकांना ते आधी सांगून ठेवलेले बरे.

आता पारितोषिकांविषयी. माँटेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ साली पहिले बालगृह काढले. त्यांनी एक हकीकत नोंदवली आहे. कामात गढलेल्या एका मुलाच्या अंगावरचे बक्षिसाचे पदक खाली पडले, तेव्हा शिक्षा म्हणून खुर्चीत बसवलेल्या दुसऱ्या मुलाने ते उचलून स्वतः लावायला मागितले, आणि पहिल्याने ते खुशाल देऊन टाकले. त्याला कामाचा आनंद पुरेसा होता. पुढे आपल्याकडे भावनगरला गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत ताराबाई मोडक यांनी याच विचाराने बालशिक्षण उभे केले. बक्षीस आणि शिक्षा दोन्ही नकोत, हा त्यांचा आग्रह होता. मग स्पर्धाच नको, असे कोणी म्हणेल. मी तेवढे टोकाला जाणार नाही. तारीख ठरली, कोणीतरी वाचणार आहे हे कळले, की आळस झटकला जातो. हा अनुभव मोठ्यांनाही आहे. पण दहा वर्षांखालच्या मुलांत क्रमांक काढू नयेत. प्रत्येकाला एक मराठी पुस्तक आणि परीक्षकाचे एक हस्तलिखित पत्र द्यावे. त्या पत्रात तुझ्या निबंधातले अमुक वाक्य मला आवडले असे नेमके वाक्य दाखवावे, आणि पुढच्या वेळी सुधारावी अशी एकच गोष्ट सांगावी. मोठ्या मुलांत क्रमांक काढावेत, पण पत्र त्यांनाही मिळावे. करंडक कपाटात जातो. आपले लिहिलेले कोणीतरी लक्षपूर्वक वाचले, याचा पुरावा मूल जपून ठेवते.

अलीकडे आजोबांच्या जागी एक नवा मदतनीस आला आहे. २०२२च्या अखेरीपासून संगणकाला दोन ओळींची सूचना दिली, की तो क्षणात निबंध लिहून देतो, आणि आता मराठीतही बऱ्यापैकी देतो. पुष्कळ संयोजकांना यामुळे स्पर्धाच निरर्थक वाटू लागल्या आहेत. मला वाटते, यंत्राने आपल्यावर एक उपकार केला. नुसता निर्दोष निबंध हवा असेल, तर तो आता फुकट मिळतो. तेव्हा स्पर्धा त्यासाठी नव्हतीच, हे मान्य करणे भाग पडले. आजी फोनमध्ये राहते हे त्या मुलीला तिच्या घरात राहूनच कळले. तेवढ्यासाठीच तिला लिहायला सांगायचे.

मग मोठ्यांनी करायचे तरी काय? त्यांना घराबाहेर काढून दार लावून घ्यायचे का? नाही. त्यांना एक काम आहे, आणि ते वर सांगितलेल्या गणपतीचे आहे. आपल्या घरांत सहसा वाटणी अशी होते, की मोठे माणूस व्यास होते आणि मूल लेखनिक. ती उलटवावी. मूल सांगेल आणि मोठे माणूस लिहून घेईल. ज्यांना अजून देवनागरी नीट लिहिता येत नाही, त्यांचा एक स्वतंत्र गटच असा असावा. लिहून घेणाऱ्या आईने, बाबांनी किंवा आजीने एकच अट पाळावी: समजल्याशिवाय लिहायचे नाही. मूल 'फोनमध्ये राहते' म्हणाले आणि कळले नाही, तर विचारावे, "म्हणजे काय गं?" मग ती जे सांगेल ते लिहावे. मुलाला शब्द अडला आणि त्याने विचारला, तर सांगावा. न विचारता वाक्य देऊ नये. मराठी शब्द सापडलाच नाही, तर इंग्रजी शब्द तसाच राहू द्यावा. ज्यांना लिहिता येते त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहावे, मंदिराच्या सभागृहात, दीड तासात. विचारलेले शब्द पानाच्या तळाशी नोंदवावेत, कारण विचारणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. परीक्षकांना नावे दिसू नयेत, केवळ क्रमांक दिसावेत.

यात पालकांना सर्वांत जड जाईल ते गप्प बसणे. आपले मूल 'आम्ही जेवते' असे लिहीत आहे आणि आपल्याला बोलायचे नाही, हा दीड तास फार लांबचा वाटेल. पण त्या दीड तासात कदाचित प्रथमच त्याला मराठीत आपल्याला काहीतरी सांगायचे असेल, आणि ते काय आहे, हे आपल्यालाही आधी माहीत नसेल. भाषा पुढच्या पिढीकडे जाते ती अशी. आपण ती देतो तेव्हा अर्धेच काम झालेले असते. तिच्यातून मूल आपल्याला काही परत देते, तेव्हा ते पुरे होते.

मुले लिहितील तसेच, त्यांच्या अक्षरांसह, पुढच्या स्मरणिकेत काही पाने छापावीत, अशी माझी मंडळींना विनंती आहे. शुद्धलेखनाच्या दोन-चार चुका तिथे राहतील. त्या पुढच्या वर्षी कमी होतील. पण त्या पानांवर कोणाची आजी फोनमध्ये राहत असल्याचे वाचनात आले, तर सुज्ञ वाचकांनी तो मुद्रणदोष समजू नये.